लांब नाकाच्या ट्रकमधून वरोऱ्यापर्यंत

माझे वडील ड्रायव्हर होते. धानोऱ्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडे ते आधी क्लीनर म्हणून लागले आणि पुढे त्याचाच ट्रक चालवू लागले. तो ट्रक अमेरिकन होता. लढाईच्या काळात फौजेसाठी आलेला, लढाई संपल्यावर लिलावात निघालेला. त्याचं बोनेट एवढं लांब होतं की गावात सगळे त्याला 'नाकाड्या' म्हणत. जंगलातून सागाचे ओंडके भरून बाबा तो ट्रक रेल्वेच्या डेपोपर्यंत नेत, आणि शाळेला सुट्टी असली की मीही केबिनमध्ये बसून जात असे.

बाबांना गाड्यांचं वेड होतं. बल्लारपूरकडे एका कागद कारखान्यात त्यांचे मावसभाऊ हमाल होते. परदेशातून जहाजाने आलेल्या रद्दीचे गठ्ठे तिथे फुटत आणि त्यात कधी कधी अमेरिकेची रंगीत मासिकं निघत. काका त्यातली गाड्यांच्या जाहिरातींची पानं बाजूला काढून ठेवत. बाबा ती घरी आणत आणि कंदिलाजवळ पसरून बसत. मासोळीसारखे पंख असलेली गाडी, अंगाला लाकडी पट्ट्या लावलेली गाडी, छत मागे दुमडून ठेवलेली गाडी. नावं इंग्रजीत असायची आणि ती आम्हा दोघांनाही नीट वाचता यायची नाहीत, म्हणून आम्हीच नावं ठेवायचो. एका लांबलचक काळ्या गाडीचं नाव बाबांनी 'कलेक्टरीण' ठेवलं होतं.

"पाह्य पोरी," ते म्हणत, "ऐसी गाडी आपल्या धानोऱ्याच्या रोडनं गेली तं अर्धी तं वळणावरच अटकन."

मी पुढे नर्स झाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांमध्ये नोकरी केली आणि निवृत्त होऊन चंद्रपूरला तुकूममध्ये लहानसा फ्लॅट घेतला. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं होती, पण आता ती सांगण्यासारखी राहिली नाहीत. आई लवकर गेली होती. बाबा शेवटपर्यंत माझ्याजवळ होते, आणि शेवटी शेवटी, जेव्हा त्यांना माझं नावही पटकन आठवत नसे, तेव्हाही खिडकीखालून गाडी गेली की ते आवाजावरून सांगत, "डिझेल हाये. नोझल खराब झालं त्याचं."

ते गेल्यावर घरात कोणी गाडीबद्दल बोलेनासं झालं. खरं सांगायचं तर कशाबद्दलच बोलेनासं झालं. फोन वाजे तो बँकेचा किंवा कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा. सकाळी दूधवाला "बाई, दूध" म्हणे आणि मी "ठेवा" म्हणे. कित्येक दिवस तेवढंच.

म्हणून चौकात जुन्या अमेरिकन गाड्यांच्या प्रदर्शनाचा फ्लेक्स दिसला तेव्हा मी रस्त्यातच थांबून तो पुरता वाचला. गावोगावचे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येणार होते. सकाळी मैदानावर प्रदर्शन आणि दुपारी सगळ्या गाड्यांची रांग वरोऱ्याच्या रस्त्याने नागपूरकडे निघणार होती. असं प्रदर्शन पाहायला नागपूरला जायचं, हे बाबा आणि मी वर्षानुवर्षं ठरवत आलो होतो. कधी माझी ड्यूटी निघे, कधी त्यांचे गुडघे.

रविवारी मी इस्त्रीची साडी नेसून एकटीच गेले.

फेब्रुवारी संपत आला होता आणि उन्हाला चंद्रपूरची धार यायला लागली होती. मैदानावर मंडप घातला होता, पण गाड्या उन्हातच होत्या आणि ते बरंच झालं. क्रोम उन्हातच पाहावं. मी पहिल्या ओळीपाशी गेले आणि तिथेच थांबले. ती मासोळीच्या पंखांची गाडी होती. कागदावर पाहिलेली, पोपटी आणि पांढरी, आणि खरोखरच तेवढी लांब. मागच्या पंखांत लाल दिवे बसवलेले होते, लिंबाएवढे. बंपरमध्ये मी मला पाहिलं, आडवी आणि बुटकी. दाराच्या काचेतून आत पाहिलं तर पुढची सीट एका सलग बाकासारखी होती, आमच्या घरच्या दिवाणापेक्षा रुंद, आणि स्टिअरिंग हस्तिदंती रंगाचं, त्याला केसाएवढ्या बारीक चिरा गेलेल्या.

"बाबा, पाहा," असं मी म्हणणार होते. म्हणालेही असेन, कारण शेजारच्या एका मुलीने माझ्याकडे वळून पाहिलं.

"मावशी, जरा बाजूला होता का? फोटो येऊन राह्यला तुमचा."

तिचं लग्न ठरलेलं असावं. सोबतच्या मुलाने भाड्याचा वाटणारा सूट घातला होता आणि फोटोग्राफर त्या दोघांना बोनेटवर रेलायला सांगत होता. मी बाजूला झाले. पुढच्या गाडीपाशीही तेच. सगळे गाड्यांकडे पाठ करून उभे होते आणि हातातल्या फोनमध्ये हसत होते. मी मात्र एकेका गाडीभोवती फिरत राहिले. लाकडी पट्ट्यांची गाडी होती. तिचं लाकूड सागाचं नव्हतं, काहीतरी फिकट होतं, मधासारखं. दुमडत्या छताची एक होती. 'कलेक्टरीण' मात्र नव्हती. मी सगळ्या ओळी पाहिल्या.

हे सगळं कोणाला तरी सांगावं असं सारखं वाटत होतं. शेवटी मी एका कार्यकर्त्याला म्हटलं, "या गाड्यांचं आतलं लाकूड फार छान आहे." तो म्हणाला, "हो ना मॅडम, पाण्याची व्यवस्था तिकडं आहे."

ट्रक अगदी मागे, कुंपणाला लागून उभे होते. तिकडे गर्दी नव्हती. सहा चाकांचा एक फौजी ट्रक होता, एक लाल बंबाची गाडी होती आणि शेवटी एक गडद निळा लहान ट्रक होता, ज्याला आता लोक पिकअप म्हणतात तसा. लांब गोल नाक, दोन्ही बाजूंना फुगलेले मडगार्ड, मधोमध पट्टी असलेली दुहेरी काच, मागे लाकडी फळ्यांचा डाला. नाकाड्यापेक्षा पुष्कळ लहान, पण त्याच घराण्यातला. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा. मी बराच वेळ गाडीसमोर उभी आहे हे पाहून ते उठले.

"पाहा बाई, हात लावून पाहा. मी कोणाले मना नाई करत."

मी मडगार्डवर हात ठेवला. तापलेला होता.

"पेट्रोलवर आहे?" मी विचारलं.

"पेट्रोलच. इंजन बी तेच, मूळचं. लोक डिझेल बसवून टाकतात, मी नाई बसवलं." ते थांबले. "तुमाले कसं ठाऊक, की हे विचारायचं असते?"

मग मी त्यांना बाबांचं सांगितलं. नाकाड्याचं सांगितलं. पायाने दाबायचा स्टार्टर, थंडीत तो चालू व्हावा म्हणून बाबा रात्री इंजिनावर टाकायचे ती गोणपाटं, हे सगळं. ते ऐकत होते आणि मध्येच हसत होते. सिरोंच्याचे होते. बोलण्यात तेलुगूचा हेल होता आणि मराठीत हिंदी मिसळलेलं होतं. त्यांचं तिकडे धानाचं शेत आणि भात गिरणी होती. ट्रक त्यांनी तरुणपणी एका ठेकेदाराच्या वारसांकडून घेतला होता, झाडाखाली गंजून पडलेला. सिरोंच्यापासून तो स्वतः चालवत आणला होता, आष्टीला मुक्काम करून.

"एकटेच?"

"मेकॅनिक येतो म्हणला होता. ऐन टायमाले त्याच्या घरी पाव्हणे आले." त्यांनी गमछाने मान पुसली. "आता वरोऱ्यापर्यंत जाऊन राह्यलो रॅलीत. बाजूची सीट खालीच हाये. येता का बाई? संध्याकाळी एस्टीनं वापस येऊन जाऊ. मले बी वापसच यायचं हाये."

गाडी असताना एस्टी कशाला, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मी लगेच हो म्हटलं नाही. अनोळखी पुरुषाच्या गाडीत बसून वरोऱ्याला जायचं, म्हणजे काय म्हणतील लोक. मग आठवलं की म्हणायला कोणीच नाही. ते आठवल्यावर बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. पण मी पायरीवर पाय ठेवला आणि आत चढले.

गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. त्यामुळे मी उजवीकडे बसले, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो. हे पडोलीचा चौक ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. एक मोटारसायकलवाला शेजारून जाताना माझ्याकडे पाहत राहिला. साठी ओलांडलेली बाई, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर, आणि गाडी तर चाललेली! त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी हसले, ते म्हातारेही हसले. ताडाळीच्या पुढे एका टपरीवरच्या माणसांनी उभं राहून आम्हाला नमस्कार केला. कोळशाचे मोठे ट्रक हॉर्न देत बाजूने जात आणि आमची काच काळी करत. तेवढा वेळ मी खरंच आनंदात होते. इंजिनाचा आवाज सीटमधून पाठीत चढत होता, आणि लांब नाकापलीकडचा रस्ता थोडा दूरचा वाटत होता, जसा लहानपणी वाटायचा.

घोडपेठच्या पुढे गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. दोन-तीनदा खोकली आणि रस्त्याच्या कडेला येऊन बंद पडली.

"पेट्रोलची वाफ झाली नळीत," ते म्हणाले. "गर्मीचं होते असं. थंडं होऊ द्या लागते."

त्यांनी बोनेट उघडलं, गमछा पाण्याने भिजवून पंपावर गुंडाळला आणि आम्ही रस्त्याखालच्या एका मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. मागून रॅलीतल्या गाड्या येत होत्या. पोपटी गाडी आली, लाकडी पट्ट्यांची आली. प्रत्येकाने हॉर्न वाजवला, हात हलवला. आम्हीही हात हलवला. कोणी थांबलं नाही. लाल बंबाची गाडी सर्वांत शेवटी गेली आणि मग रस्त्यावर फक्त कोळशाचे ट्रक राहिले. समोरच्या बांधावर पळस फुलला होता, पण धुळीने त्याचा रंग विटकरी दिसत होता.

"घरी कोण कोण असते तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "तुमच्याकडे?"

"बायको होती. गेली. पोरं हैदराबादले. दोघंबी चांगले हायेत, फोन करतात." ते जमिनीवरची काडी घेऊन मातीत रेघा ओढत होते. "बायको या गाडीत कधी बसली नाई. म्हणे, तुमची दुसरी बायको हाये ते, मी काऊन तिच्या मांडीवर बसू?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"गिरणी बंद केली आता. पोरं म्हणतात, इथी एकटे राहून काय करून राह्यले, चला आमच्याकडं. चौथ्या मजल्यावर घर हाये त्यायचं. खाली गाडी ठेवाले एकच जागा, आणि ते भरलेली." त्यांनी काडी टाकून दिली. "म्हणून इकून टाकली, बाई."

"काय विकलं?" मी विचारलं, पण विचारतानाच कळलं होतं.

"हेच. घेणारा राजस्थानचा हाये. त्याचे माणसं मोठा ट्रेलर घेऊन वरोऱ्याले येऊन बसले असतीन. त्यायले म्हणलं होतं, चंद्रपूरले नका येऊ, वरोऱ्याले या. तेवढंच अजून एकदा चालवायले भेटते."

नोकरीत मी कितीतरी घरांत वाईट बातमी सांगितली होती आणि त्या वेळी बोलायचे शब्द मला पाठ होते. इथे त्यातला एकही चालणारा नव्हता.

"आधी काऊन नाई सांगितलं भाऊ?"

"सांगितलं असतं तं तुमी बसल्या असत्या, पण मयतीत बसल्यासारख्या बसल्या असत्या. आतापर्यंत कश्या खुशीत होत्या." मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मले एकट्यानं नोतं यायचं."

मी पर्समधली संत्री काढली आणि आम्ही ती वाटून खाल्ली. बाबांचा नाकाड्या शेवटी भंगारात गेला होता, हे मी त्यांना सांगितलं. गॅसने कापताना बाबा पाहायला गेले नव्हते, घरात भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले होते. "तुमची तरी चालू गाडी जात आहे," मी म्हटलं. ते बोलून झाल्यावर मला वाटलं, हे काय सांत्वन झालं? त्यांनी उठून पंपाला हात लावून पाहिला.

पंप थंड झाला तसं त्यांनी स्टार्टर दाबला आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मला वाटतं, त्यांना तेही आवडलं नाही. भद्रावती मागे टाकून आम्ही वरोऱ्याकडे निघालो तेव्हा मागून येणारा प्रत्येक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. ते अगदी हळू चालवत होते. माझ्या बाजूची काच खाली होती आणि वाऱ्याबरोबर कापसाचे धागे आत येत होते. पुढे कापसाची एक बैलगाडी जात होती, तिच्याही मागे मागे आम्ही कितीतरी अंतर गेलो. ओलांडायला रस्ता मोकळा होता.

वरोऱ्याच्या बाहेर पेट्रोल पंपाशेजारी ट्रेलर उभा होता. तिथली तीन तरुण माणसं नम्र होती. त्यांनी म्हाताऱ्यांच्या पाया पडून नमस्कार केला, चहा मागवला. मग त्यांनी उतरत्या फळ्या लावल्या.

"चोक अर्धाच ओढा लागते," म्हातारे सांगत होते. "पूरा ओढला तं पेट्रोल ज्यादा होते. आणि दुसरा गेअर टाकताना जरा थांबा लागते. जबरदस्ती नाई करायची."

"जी अंकल, जी," त्यांच्यातला मोठा म्हणाला. तो फोनवर कोणाला तरी फोटो पाठवत होता.

गाडी त्यांनी चालू केलीच नाही. तारेचा दोर बांधून वर ओढली. चाकं फळ्यांवर चढताना कुरकुरली, नाक वर झालं, मग सपाट झालं. चारही चाकांना पट्टे आवळले. म्हाताऱ्यांनी केबिनमधून आपलं सामान आधीच काढून घेतलं होतं: पाण्याची कॅन, एक चादर, सीटवर टाकायची शिवलेली चौकोनी गादी. ते सगळं दोन्ही हातांत धरून ते उभे होते. ट्रेलर सुरू झाला तेव्हा त्यांना हात हलवायचा होता, पण हात भरलेले होते. मी त्यांच्या हातातली कॅन घेतली. तोवर ट्रेलर नागपूरच्या रस्त्याला लागला होता.

रॅलीतले बाकीचे लोक एका सभागृहात जेवत होते. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"जेवता का?" मी विचारलं.

"नाई. तुमी जेवा."

मीही नाही म्हटलं. आम्ही स्टँडवर आलो. चंद्रपूरची बस भरून आली. कंडक्टरने मला पुढे बायकांच्या सीटवर बसवलं आणि ते मागे कुठेतरी दबले गेले. मी दोनदा वळून पाहिलं, माणसांच्या मधून त्यांचा खांदा तेवढा दिसला. माझ्याजवळ त्यांची पाण्याची कॅन होती आणि प्रत्येक गतिरोधकावर तिच्यातलं पाणी डुचमळत होतं.

चंद्रपूरला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. अहेरीची गाडी सुटायच्या बेतात होती. तिथून त्यांना पुढे सिरोंच्याची मिळणार होती. घाईघाईत मी कॅन त्यांच्या हातात दिली.

"बाई," ते पायरीवरून म्हणाले, "चांगलं झालं तुमी आल्या."

"पोचल्यावर..." मी म्हणाले आणि थांबले, कारण पोचल्यावर त्यांनी कोणाला कळवायचं? माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, त्यांचा माझ्याकडे नव्हता. दिवसभरात दोघांनीही मागितला नव्हता, आणि आता कंडक्टर दार ओढत होता.

"सावकाश जा भाऊ," मी म्हटलं.

बस फलाटावरून मागे निघाली, वळली आणि गेली. त्यांना खिडकीची जागा मिळाली की नाही ते मला दिसलं नाही. थोडा वेळ मी तिथेच उभी राहिले, मग एका ऑटोवाल्याने "तुकूम?" म्हणून विचारलं तशी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात समोरच्या घरातली सून भेटली. ती डब्यांची पिशवी घेऊन घाईत खाली उतरत होती.

"काकू, काल दिवसभर कुलूप होतं. कुठी गेल्त्या?"

"वरोऱ्याला."

"काऊन? कोण हाये तिकडं?"

मला सगळं सांगायचं होतं. तो निळा रंग, तापलेला मडगार्ड, उजवीकडे बसून हसलेली मी, मोहाखालची संत्री. पण ती अर्ध्या पायऱ्या उतरून गेली होती आणि खालून तिचा नवरा हॉर्न वाजवत होता.

"कोणी नाही," मी म्हटलं. "सहज गेले होते."

"बरं बरं," ती खालून म्हणाली.

मी घरात आले आणि चहा ठेवला. खिडकीखालून तिच्या नवऱ्याची गाडी गेली. आवाजावरून ती कुठली, हे मला ओळखता येत नाही. मी आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले.